सहा-आठ जणांत बाख गाताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईत बाखसारखं बरोक संगीत (साधारण १६०० ते १७५० मधलं युरोपीय संगीत) गायचं म्हटलं की चाळीस जणांचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, जमत नाही. सहा-सात जण जमतात, फार तर आठ. मग ‘माणसं कमी आहेत, भागवून नेऊ’ अशा सुरात तालीम सुरू होते. सगळा घोळ या ‘भागवून नेऊ’मध्येच आहे. आवाज मोठा काढायचा, मोठ्या कॉयरच्या रेकॉर्डिंगसारखं ऐकू यायला हवं असं धरून चालायचं, आणि मग घसे बसले की रचनेला दोष द्यायचा.

या संगीताचा बराच भाग मूठभर गायकांसाठीच लिहिलेला आहे. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारातली गायक-वादक मंडळी पांगली, तेव्हा तिथला संगीतकार हाइनरिश शुट्झने ‘क्लाइने गाइस्टलिशे कोन्त्सेर्टे’ (छोट्या धार्मिक रचना) या संग्रहाचे दोन खंड काढले, १६३६ आणि १६३९ मध्ये. एक ते पाच गायक आणि साथीला कंटिन्युओ (ऑर्गन, चेलो अशा वाद्यांवरची खालच्या सुरांची सलग साथ), एवढ्यावर ते उभं राहतं. बुक्सटेहुडच्या १६८० च्या ‘मेम्ब्रा येसू नोस्त्री’ला पाच गायक आणि मोजकी तंतुवाद्यं पुरतात. बाखबद्दल मात्र अजून भांडण चालू आहे. १९८१ साली जोशुआ रिफ्किन या अमेरिकन संगीततज्ज्ञाने मांडलं, की बाखचे कोरससुद्धा बहुतेक वेळा एका भागाला (म्हणजे सोप्रानो, आल्टो अशा एका आवाजाच्या ओळीला) एकच गायक अशा पद्धतीने गायले जात. आधार काय, तर हाती लिहिलेले जे सुटे भाग उरलेत त्यांत सहसा प्रत्येक आवाजाची एकेकच प्रत सापडते. उलट बाजूचे लोक १७३० सालचं बाखचं लाइपझिग नगरपालिकेला दिलेलं निवेदन पुढे करतात. त्यात प्रत्येक भागाला किमान तीन गायक हवेत असं तो लिहितो. त्यामागचं त्याचं कारणही वाचण्यासारखं आहे: कोणी आजारी पडलं, तरी दोन कॉयरचा मोटेट (अनेक आवाजांचं धार्मिक गीत) निदान गाता यावा! रिफ्किनची बाजू पटो न पटो, सहा जणांत बाख गाणं ही तडजोड नाही एवढं यातून नक्की कळतं.

पुढचं सगळं ‘येझू, माइने फ्रॉइडे’ (बीडब्ल्यूव्ही, म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीत, क्रमांक २२७) हा मोटेट डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. लहान गट बहुधा आधी यालाच हात घालतात. एकामागून एक येणारे अकरा छोटे भाग, आणि वरून खाली पाच आवाज: दोन सोप्रानो, आल्टो, टेनर, बास.

दोन-दोन जण वाटून देणं

आठ जण आले की ‘जमेल तिथे एका आवाजाला दोघं, म्हणजे आधार राहील’ असं वाटतं. ही सगळ्यात वाईट वाटणी. एकटा गायक जबाबदारीने गातो, तिघांचे आवाज एकमेकांत मिसळतात, पण दोघांचे आवाज एकमेकांवर घासतात. सूर केसभर वेगळा असला तरी कानाला टोचतो, आणि दोघंही दुसऱ्याकडे बघत किंचित उशिरा सुरुवात करतात. त्यापेक्षा पाच मुख्य गायक ठरवा. उरलेल्या तिघांना सुरुवातीच्या आणि शेवटच्या कोरालमध्ये (चर्चमधल्या स्तोत्राच्या चालीवरच्या भागांत), आणि जिथे सगळे एकदम ठासून बोलतात तिथे, भर घालायला द्या. ही पद्धत बाखची स्वतःचीच आहे. त्याच्या २१ आणि ७१ क्रमांकाच्या कंटाटांत (चर्चसाठी लिहिलेल्या गायन-वादनाच्या रचनांत) मुख्य गायक कुठे आणि भरीचे कुठे हे लिहिलेलं सापडतं. आपल्या मोटेटच्या अकरा भागांपैकी चौथा भाग दोन सोप्रानो आणि आल्टोचा, आठवा आल्टो-टेनर-बासचा, तर नवव्यात बासला पूर्ण सुट्टी. म्हणजे तिघा-चौघांनी गायची जागा बाखने आधीच करून ठेवली आहे. तिथे भरीच्या लोकांनी तोंड उघडू नये.

सूर उतरणं

मोटेट ई मायनरमध्ये सुरू होतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी भलत्याच ठिकाणी संपतो. मग बासवर खापर फुटतं. बास क्वचितच दोषी असतो.

आपल्याकडची मंडळी बहुतेक वेळा पियानोवर किंवा हार्मोनियमवर भाग पाठ करतात. हार्मोनियमचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा हिस्सा). तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो ३८६ सेंटचा, पेटीचा ४००. मेजर कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सा, ग, प मधला) मधला सूर ज्याच्याकडे आहे त्याने तो तानपुऱ्यातला लावायचा. अर्धे जण पेटीचा लावतात, अर्धे कानाचा, आणि ओढाताण सुरू होते. ज्यांचा कान रागसंगीतावर तयार झालाय त्यांची इथे मोठी सोय आहे. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, एकाने सा धरा, दुसऱ्याने पंचम, तिसऱ्याने गांधार हळूहळू खाली आणत नेमका बसवा. कॉर्ड बसला की थरथर थांबते आणि आवाज अचानक मोठा वाटतो. तालमीची पहिली दहा मिनिटं यालाच द्या.

पण प्रत्येक कॉर्ड शुद्ध लावूनही सूर उतरतो, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं. सा, ध, रे, प आणि परत सा अशा पायांवरचे कॉर्ड एकापाठोपाठ घ्या. दोन कॉर्डमध्ये सामाईक असलेला सूर जसाच्या तसा धरून पुढचा कॉर्ड शुद्ध लावत गेलात, तर फेरी पूर्ण होताना षड्ज सुमारे २२ सेंट खाली आलेला असतो. कुणीच चुकलेलं नसतं. म्हणून बाहेरून कुणीतरी सूर धरून ठेवणारं लागतं. छोटा ऑर्गन, तो नसेल तर चेलो. ‘बाखचे मोटेट म्हणजे विनासाथ’ हा समज नंतरच्या काळातला आहे. १७२९ च्या ‘डेर गाइस्ट हिल्फ्ट’चे वाद्यांचे भाग आजही शिल्लक आहेत आणि त्यांत तंतुवाद्यं, सुषिर वाद्यं, कंटिन्युओ सगळं आहे. डिजिटल कीबोर्ड वापरत असाल तर त्यात व्हालोटी किंवा वेर्कमाइस्टर ट्यूनिंग (सूर लावण्याच्या जुन्या पद्धती) आहे का बघा, असेल तर ते लावा. आवाज मात्र इतकाच ठेवा, की तो बंद केल्यावरच तो चालू होता हे कळावं.

उतरत्या स्वरावली आणि एकाच सुरावर बोलले जाणारे शब्द ही दोन ठिकाणंही तपासा. तोच सूर पाचव्यांदा घेताना तो मनात किंचित वर धरायचा.

आणि ‘ए’ (बाकीचे सूर ज्यावरून लावतात तो सूर) किती हर्ट्झचा घ्यायचा ते तालमीच्या पहिल्या दिवशीच ठरवा. ४१५ म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अर्धा सूर खाली. सोप्रानोचा जीव त्यात वाचतो, आल्टोची थोडी पंचाईत होते. कार्यक्रमाच्या दिवशी ऑर्गन ४४० चा निघाला तर वादकाला अर्धा सूर खाली वाजवायला सांगावं लागेल. हे त्याला आदल्या रात्री कळू नये.

श्वासाची वाटणी न करणं

मोठ्या कॉयरमध्ये शेजारी गातोय तोवर आपण गुपचूप दम घेतो. एका भागाला एकच गायक असला की ही चोरी चालत नाही. सहाव्या भागातल्या फ्यूगमध्ये (एकच सुरावट घेऊन आवाज एकामागून एक शिरतात त्या रचनेत) ‘गाइस्टलिश’ या शब्दावर लांबलचक तान आहे. ती एका दमात मारायला गेलात तर शेवटचे सूर चिरडतात. तानेत एखादा सूर पुढच्या ठोक्यात बांधून घेतलेला असतो. त्या बांधलेल्या सुराची शेपटी सोडा, तिथे चटकन श्वास घ्या आणि पुढच्या सुरावर वेळेत उतरा. ऐकणाऱ्याला ती जागा वाक्यातल्या स्वल्पविरामासारखी वाटते. पेन्सिलने खूण केलीच पाहिजे. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणणारा हमखास शब्दाच्या मधोमध अडकतो. आणि तान स्पष्ट करण्यासाठी ‘हा-हा-हा’ अशी हकारी घुसडू नका.

कोरालमध्ये उलटं होतं. ओळीच्या शेवटी फर्माटाची (सूर लांबवण्याची) खूण दिसली की सगळे थबकतात, दर ओळीला. तिथे ती खूण बहुतेक वेळा ओळ संपल्याची आहे. अर्थ पुढे वाहत असेल तर नुसता श्वास घ्या आणि चला.

ओरडणं आणि आवाज सपाट करणं

पाचव्या भागात ‘ट्रोत्स’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. जुन्या ड्रॅगनला दिलेलं ते आव्हान आहे, आणि सहा जण तिथे साठ जणांचा जोर लावायला जातात. जोर व्यंजनात आहे. शेवटचा ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च. जर्मन झेड मराठी माणसाला फुकटात येतो, तो ‘झ’ करून वाया घालवू नका. दुसऱ्या भागात ‘निश्ट्स’ (काहीच नाही) हा शब्द सुटा येतो, मग विराम, मग पुन्हा ‘निश्ट्स’. शेवटची व्यंजनं सगळ्यांची एकाच क्षणी पडली तर विरामात खरंच पोकळी जाणवते. मागेपुढे झाली तर सापाच्या फुत्कारासारखं ऐकू येतं. शेवटचा ‘ट्स’ कुठल्या ठोक्यावर टाकायचा ते ठरवून लिहून ठेवा.

‘बरोक म्हणजे आवाजात कंपन (व्हायब्रेटो) शून्य’ हेही डोक्यातून काढा. सतत रुंद कंपन असेल तर गांधार लागत नाही हे खरं. पण गळा आवळून सरळ केलेला आवाज लवकर थकतो आणि खाली घसरतो. लांब सुरावर थोडी थरथर आली तर येऊ द्या. रागसंगीतातून आलेल्यांनी मींड तेवढी आवरावी. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेलात की कॉर्ड बदलल्याचा क्षणच सापडत नाही.

उभं राहणं

एका रांगेत उभे राहिलात तर दोन टोकांचे गायक एकमेकांना ऐकत नाहीत. अर्धवर्तुळ करा, बास आणि चेलो मधोमध, दोन सोप्रानो समोरासमोर. कंडक्टर नको. प्रत्येक भागाची सुरुवात कोणाच्या श्वासावर होणार ते ठरवा आणि त्या क्षणी फाइलमधून मान वर काढा.

लय जागेवर ठरते. दगडी चर्चमध्ये नाद रेंगाळतो, तिथे फ्यूग थोडा संथ आणि सूर जास्त तुटक. एसी सभागृहात नाद लगेच विरतो, तिथे तीच लय रखडल्यासारखी वाटते. म्हणून एक तालीम प्रत्यक्ष जागेवर हवीच. तिचं रेकॉर्डिंग करताना फोन पाच-सहा मीटर लांब ठेवा. जवळ ठेवलात तर फोन हळू-मोठं सगळं एकाच पातळीवर आणतो आणि तुम्हाला वाटतं, आपण हळू गातच नाही.

राहता राहिला आजारपणाचा प्रश्न. बाखलाही तो होता. भरीच्या तिघांना पहिल्या दिवसापासून प्रत्येकी एक मुख्य भाग तयार करायला सांगा, आणि पावसाळ्यात कार्यक्रम असेल तर दुसऱ्या सोप्रानोने पहिलीचाही भाग बघून ठेवावा.