बाळाला रात्री किती कपडे घालायचे? हात नको, मान बघा

बाळाचे हातपाय गार लागले की घरातलं कुणीतरी आणखी एक दुपटं आणतंच. पण तान्ह्या बाळाचे तळहात-तळपाय एरवीही गारच असतात. त्यांच्यावरून काही कळत नाही.

1. झोपवल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मानेच्या मागे, झबल्याच्या आत दोन बोटं घाला. कोमट आणि कोरडं लागलं तर ठीक. घाम किंवा चटका लागला तर एक थर कमी. पाठ गार लागली तरच एक थर वाढवा.

2. अंदाज असा: आपल्याला त्या खोलीत जेवढे कपडे पुरतात, त्याहून फार तर एक थर जास्त. मे महिन्यात पंखा चालू असताना सुती झबलं आणि लंगोट पुष्कळ झाले. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे पूर्ण बाह्यांचं झबलं, पायजमा, मोजे आणि हवं तर वर एक बिनबाह्यांचं जाकीट. सैल गोधडी मात्र नको, ती रात्रीतून तोंडावर सरकते.

3. टोपडं, कुंची बाहेर जाताना. घरात झोपताना काढायची. बाळाची जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे जाते. (आजीला हे पटवणं हा वेगळा विषय!)

4. झबल्याचे बंद लांब असतील तर कापून आखूड करा. गळ्यातला काळा दोरा, ताईत झोपेपुरता काढा.

दुपट्यात गुंडाळत असाल तर छातीशी दोन बोटं जातील इतपत सैल, पाय मोकळे आणि बाळ उताणंच. कुशीवर वळायची धडपड दिसली की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद.