शाळेच्या संगणक कक्षातला जुना वेब फिल्टर कसा बदलावा

कंपनीने अपडेट देणं थांबवलं तरी वेब फिल्टरचं (नको त्या साइट अडवणाऱ्या प्रोग्रामचं) चिन्ह टास्कबारवर दिसतच राहतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण त्याची यादी जुनी होत जाते आणि नव्या साइट सरळ उघडतात. त्यातही असे बरेच फिल्टर एचटीटीपीएसच्या (साइटशी होणाऱ्या कुलूपबंद देवाणघेवाणीच्या) आत डोकावण्यासाठी संगणकात स्वतःचं रूट सर्टिफिकेट (संगणक ज्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो असं ओळखपत्र) घालतात. दुरुस्त करणारं कोणी उरलं नसेल, तर पासवर्ड चोरायला ती आयती वाट असते.

कोकणातल्या शाळांनी हे काम मे महिन्यात किंवा गणपतीच्या सुट्टीत काढावं. जुलैत लाइटचा भरवसा नसतो.

आधी प्रत्येक संगणकाची वहीत नोंद करा: विंडोज कोणतं, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) हाताने भरलाय का, प्रॉक्सी (ब्राउझर आणि इंटरनेटच्या मध्ये बसणारा मध्यस्थ) चालू आहे का, फिल्टर काढायचा पासवर्ड कोणाकडे आहे. घड्याळही बघा. लाइट गेल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की सर्टिफिकेटची चूक दाखवून साइट उघडत नाहीत आणि बोल नव्या फिल्टरला लागतो. किनाऱ्यालगतच्या शाळांनी केबलच्या टोकाच्या पिनाही तपासाव्यात. खाऱ्या हवेने हिरव्या पडल्या असतील तर ते टोक कापून नवा कनेक्टर क्रिंप करा (पकडीने दाबून बसवा).

जुना फिल्टर अजून काढू नका. नवा आधी राउटरवर बसवा. लहान शाळेला डीएनएस फिल्टर (नको त्या साइटचा पत्ताच न देणारा) पुरतो, आणि क्लीनब्राउझिंगचा मोफत फॅमिली फिल्टर त्यासाठी चांगला आहे, कारण तो अश्लील साइट अडवतो आणि गूगल, बिंग, यूट्यूब सुरक्षित मोडमध्येच ठेवतो. राउटरच्या डीएचसीपी पानावर (राउटर संगणकांना पत्ते आणि डीएनएस वाटतो ते पान) पहिला डीएनएस १८५.२२८.१६८.१६८ आणि दुसरा १८५.२२८.१६९.१६८ भरा (टाइप करताना आकडे इंग्रजी). दुसऱ्या रकान्यात सवयीने ८.८.८.८ (गूगलचा, काहीच न गाळणारा डीएनएस) घालणं ही नेहमीची चूक. संगणक दुसऱ्यालाही केव्हाही विचारतो, मग तीच साइट कधी अडते, कधी उघडते.

राउटरवर आणखी तीन गोष्टी करा. लॅनकडचं (शाळेच्या आतल्या जाळ्याचं) आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद करा, नाहीतर त्या वाटेने मूळ डीएनएस मिळत राहतो. पोर्ट ५३ आणि ८५३ (डीएनएसला विचारायची दारं) वरून बाहेर जाणाऱ्या विनंत्या या दोन पत्त्यांखेरीज अडवा. ॲडमिनचा पासवर्ड बदला. इंटरनेट कंपनीच्या राउटरमध्ये डीएनएस बदलता येत नसेल, तर त्याच्यामागे शाळेचा स्वतःचा राउटर जोडा.

आता एकाच संगणकावरून जुना फिल्टर काढा. बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो इथे: काढल्यावर इंटरनेट बंद. कारण प्रॉक्सीच्या रकान्यात १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक, जिथे जुना फिल्टर ऐकत होता) तसाच राहतो आणि ब्राउझर नसलेल्या दारावर थापा मारत बसतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी बंद करा, हाताने भरलेला डीएनएस ‘आपोआप घ्या’वर आणा, सर्टिफिकेटच्या ‘ट्रस्टेड रूट’ यादीतून फिल्टरच्या कंपनीचं सर्टिफिकेट काढा. हे शेवटचं विसरू नका, अनइन्स्टॉल केल्यावर ते आपसूक जाईलच असं नाही. पासवर्ड हरवला असेल आणि कंपनीही उरली नसेल, तर फाइली पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने टाकणं सोपं. टाकताना विंडोज ७ परत नको, त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

मुलांची खाती स्टँडर्ड ठेवा, ॲडमिन नव्हे. क्रोमचं ‘सुरक्षित डीएनएस’ (यात ब्राउझर राउटरचा डीएनएस टाळून बाहेरच्याला विचारू शकतो) पॉलिसीतूनच, म्हणजे ॲडमिनने लावलेल्या नियमातूनच, बंद करा. नुसतं सेटिंगमध्ये बंद केलं तर कोणीही परत चालू करतं, आणि मग राउटरवरची सगळी मेहनत वाया.

संगणक रीस्टार्ट करून मुलांच्या खात्यातून तपासा. गूगलवर सेफसर्च कुलूपबंद दिसायला हवं. मग दीक्षा, सरल, युडायस प्लस आणि शालार्थ ही शाळेच्या कामाची सरकारी पोर्टल उघडून लॉगिनपर्यंत जा. शालार्थ अडलं तर पगाराची बिलं अडतील, म्हणून हे सुट्टी संपायच्या आत बघा. सगळं उघडलं की मगच बाकीच्या संगणकांना हात लावा.

खेळ आणि समाजमाध्यमं सगळीच याने अडत नाहीत, आणि मोबाइलच्या डेटावर याचा काही इलाज चालत नाही. तिथे तासाला कक्षात शिक्षक हवाच. राउटरचा पासवर्ड आणि दोन्ही पत्ते एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. संगणक बघणाऱ्या शिक्षकांची बदली झाली की तोच कागद कामाला येतो.