निजामी अमलातल्या वकिलाचं चरित्र जुळवताना

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात अजूनही एखादी पत्र्याची ट्रंक निघते. तीत मिसली (खटल्यांच्या फायली), मोडीतल्या वह्या, सभेची निमंत्रणं. घरातला माणूस वकील, कापसाच्या जिनिंगचा भागीदार आणि महाराष्ट्र परिषदेचा (संस्थानातल्या मराठी भाषकांच्या संघटनेचा) कार्यकर्ता असेल, तर तिन्ही आयुष्यांचे कागद तिथं एकत्रच पडलेले असतात. ते लगेच वेगळे करू नका. कोणता कागद कोणत्या बस्त्यात (गाठोड्यात) होता, हीसुद्धा माहितीच. बस्त्याला क्रमांक द्या आणि प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, कारण शिक्के आणि नोंदणीचे शेरे बहुधा पाठीमागे असतात. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नाहीच.

मग तारखा. बहुतेक चरित्रं इथंच चुकतात. हैदराबाद संस्थानाचं सरकारी फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यात सुरू होई. म्हणून आजूर, दै आणि बहमनचे डिसेंबरातले दिवस असतील तर इसवी सनासाठी 590 मिळवा. तिथून आबान या शेवटच्या महिन्यापर्यंत 591. कागदावर ‘15 तीर 1340 फसली’ असेल तर तो मे 1931. सरसकट 590 मिळवलेत की 1930 येतं आणि जिनमधला हिस्सा वकिलीच्या सनदेआधीच घेतल्यासारखा दिसू शकतो. वहीत शक असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत 79. मारवाडी पेढीची वही असेल तर संवत् असेल. त्यातून 57 किंवा 56 वजा करा.

पैशाचंही तसंच. आकडा हाली (निजामी रुपया) की कलदार (ब्रिटिश रुपया), हे आधी बघा. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे 3500 हालीचा हिस्सा 3000 कलदारांचा. दोन्ही आकडे एकाच रकान्यात बेरजेला घेतलेत की माणूस आहे त्याहून श्रीमंत ठरतो.

वाचायला जाणकार लागेलच. 1884 नंतर दरबारी भाषा उर्दू, आणि मिसलीतली उर्दू शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या वळणाची. नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गळले की शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये ब, प, त, न सारखेच दिसतात. गावाचं नाव अंदाजानं वाचू नका. सर्व्हे नंबर आणि तालुका यांच्याशी ताडून बघा. सर्व्हे नंबर म्हणजे आजचा गट नंबर नव्हे, हे भावकीच्या वादात फार महाग पडतं. रक्कम कधी अंकांत नसून सियाक या जुन्या हिशेबी पद्धतीच्या चिन्हांत असते. ती वाचता येणारा माणूस मिळेपर्यंत जागा कोरी ठेवा.

घरात नसलेलं बाहेर शोधावं लागतं. अपील हैदराबादला जाई, म्हणून तिथल्या तारनाक्याच्या पुराभिलेखागारातही बघा. केशवराव कोरटकर (1867–1932) मूळचे परभणीकडचे, पण वकिली गुलबर्गा-हैदराबादेत. अशा माणसाचं निम्मं आयुष्य गावाबाहेरच्या कागदांत असतं. छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेख कार्यालय आणि ‘निजाम विजय’ या मराठी साप्ताहिकाचे जुने अंकही चाळा.

राजकारणाचा भाग सर्वात नाजूक, आणि घरचा अभिमान इथं सर्वात जास्त घात करतो. गश्ती निशान 53 या निजामी परिपत्रकामुळे सभेला आधी परवानगी लागे, म्हणून निमंत्रणाइतकाच परवानगीचा अर्ज शोधा; त्यावर सही कोणाची आहे ते बघा. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला, 1937 मध्ये. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर सप्टेंबर 1938 मध्ये बंदी आली ती 1946 पर्यंत. त्या आठ वर्षांत कागद गप्प असतील, तर ‘भूमिगत होते’ असं लगेच लिहू नका. 1948 मध्ये मिसली अचानक थांबल्या, तर त्याला निवृत्तीही म्हणू नका. रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला होता. वकालतनाम्यांच्या (वकीलपत्रांच्या) तारखा ओळीनं मांडा, खंड नेमका कुठे पडला ते बघा आणि पोलीस कारवाईनंतरचा पहिला वकालतनामा कोणत्या कोर्टाचा आहे, ते टिपून घ्या.