गिअर ऑइल बदलताना आधी वरचा नट

परभणीत डिसेंबरातल्या सकाळी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना काठी अडते, पाच-सहा किलोमीटर गेल्यावर मोकळी होते. असं होऊ लागलं की गिअर ऑइल बघायची वेळ झाली समजा. इंजिन ऑइल सगळे बदलतात, हे बिचारं गिअरच्या पेटीत तसंच काळं होत राहतं. किती किलोमीटरला बदलायचं आणि कोणतं टाकायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.

खरी गोम पेटीच्या दोन नटांची आहे. वरचा, म्हणजे भरायचा नट आधी सोडवून बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा काढून तेल सांडून बसलात, तर गाडी तिथंच अडकली. मी एकदा अडकलोय. गल्लीतल्या मेस्त्रीनं पाइप लावून पान्हा फिरवला तेव्हा सुटला.

१. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून सपाट जागी घ्या. उचललीच तर चारही बाजूंनी सारखी, घोड्यांवर (जॅक स्टँडवर). नुसत्या जॅकवर खाली शिरू नका.
२. वरचा नट सुटला की मगच खालचा. त्याला चुंबक असेल तर पुसा. करडा लगदा चालतो. गिअरच्या दातांचे तुकडे दिसले तर मेस्त्री गाठा.
३. नवं वॉशर लावून खालचा नट आवळा, नळीनं तेल भरा. बहुतेक गाड्यांत वरच्या भोकाच्या काठाशी तेल आलं की थांबायचं.

पुस्तिकेत जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल असेल तर दुकानदार ‘हे भारी आहे’ म्हणत जीएल-५ देईल, ते घेऊ नका. त्यातली काही तेलं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खातात.