उतारवयातील बेसबॉल तारे आणि त्यांच्या घसरणीवरचे वाद : या चुका टाळा

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये तिशी ओलांडलेला एखादा मोठा फलंदाज हंगामाच्या सुरुवातीचे काही आठवडे चाचपडू लागला, की चाहत्यांमध्ये लगेच दोन तट पडतात. एका तटाच्या मते तो संपलेला असतो आणि दुसऱ्याच्या मते अशी शंका घेणे हाच त्याच्या कर्तृत्वाचा अपमान असतो. हा वाद अवश्य व्हावा, कारण ज्या खेळाडूंनी आपल्याला इतका आनंद दिला त्यांच्याविषयी नीट विचार करून बोलणे हे चाहत्याचे कामच आहे. मात्र हे वाद बहुतेक वेळा एकाच जागी अडतात, कारण त्यांत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात : खेळाडूचा खेळ खरोखर उतरला आहे का, त्याला मिळणारे पैसे आजच्या खेळाला साजेसे आहेत का, आणि उद्याच्या सामन्यात त्याला उतरवावे का. या तिन्हींसाठी लागणारा पुरावा वेगवेगळा आहे, आणि खालच्या बहुतेक चुका ही गल्लत केल्यामुळेच होतात.

एप्रिल-मे महिन्यांवरून निकाल देणे

शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका महिन्यावरून फलंदाजाची होत नाही. नियमित खेळणाऱ्या फलंदाजाला पूर्ण हंगामात सहाशेच्या आसपास पाळ्या मिळतात आणि एप्रिलअखेर त्यांतल्या जेमतेम शंभर झालेल्या असतात. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे साधारणपणे दर पाळीमागच्या हिट्स, आणि हिट म्हणजे ज्या फटक्यावर फलंदाज बेसवर पोहोचतो तो. शंभर पाळ्यांमध्ये ०.२५० आणि ०.३०० या सरासरींतला फरक अवघ्या पाच हिट्सचा असतो. दोन जोरदार फटके थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेले आणि तीन मऊ फटके इन्फिल्ड (आतले मैदान) व आउटफिल्ड (बाहेरचे मैदान) यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडण्याऐवजी झेलले गेले, एवढ्यानेच उत्तम फलंदाज सामान्य दिसू लागतो. आकडेवारीच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की स्ट्राइकआउटचे (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचे) प्रमाण साधारण साठ पाळ्यांनंतर काही विश्वासार्ह सांगू लागते, पण मैदानात टोलवलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरतात या आकड्याला त्यासाठी आठशेहून अधिक चेंडू, म्हणजे एका हंगामापेक्षा बराच जास्त काळ लागतो. म्हणून मे महिन्यात सरासरीवरून भांडण्यापेक्षा स्ट्राइकआउट वाढले आहेत का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

बोस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझचे उदाहरण या बाबतीत कायम लक्षात ठेवावे असे आहे. २००९ च्या मेअखेर त्याची सरासरी ०.१८५ होती आणि त्याच्या नावावर एकच होम रन (चेंडू कुंपणापलीकडे नेणारा फटका) होता. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता आणि बोस्टनमध्ये त्याला संघाबाहेर ठेवण्याची चर्चा उघडपणे चालू होती. त्याच हंगामाच्या शेवटी त्याचे २८ होम रन झाले. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पुन्हा सरासरी ०.१४३ आणि होम रन एक, पुन्हा तीच चर्चा, आणि हंगामाअखेर ३२ होम रन. त्यानंतर तो आणखी सहा वर्षे खेळला, आणि २०१६ च्या आपल्या शेवटच्या हंगामात, चाळिसाव्या वर्षी, त्याने ०.३१५ सरासरीने ३८ होम रन मारले. २००९ मध्ये ज्यांनी त्याला निवृत्त करून टाकले होते त्यांच्याकडे आकडे होते, पण निकाल देण्याइतके ते पुरेसे नव्हते.

नुसता उतार पाहणे, उताराचे कारण न पाहणे

महिन्यावर विश्वास ठेवू नये, मग तीन वर्षांच्या आलेखावर ठेवावा का? ही चूक अधिक जाणकार चाहते करतात, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

फलंदाज आल्बर्ट पुजोल्सचे सेंट लुईस कार्डिनल्सकडचे आणि त्यानंतरचे आकडे क्रमाने मांडून पाहावेत. २००९ मध्ये सरासरी ०.३२७ आणि ४७ होम रन, २०१० मध्ये ०.३१२ आणि ४२, २०११ मध्ये ०.२९९ आणि ३७. उतार सलग आहे, एकाही वर्षी त्यात खंड नाही. मात्र २०११ चा शेवट कार्डिनल्सच्या विश्वविजेतेपदाने झाला, पुजोल्सने अंतिम मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात तीन होम रन मारले, आणि त्या झगमगाटात हा उतार झाकला गेला. त्याच डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस एंजल्सने त्याच्याशी दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. पुढच्या वर्षी आकडे ०.२८५ आणि ३० झाले, आणि २०१३ मध्ये टाचेच्या दुखण्यामुळे ९९ सामन्यांवर थांबलेल्या हंगामात ते ०.२५८ आणि १७ झाले.

आता ऑर्टिझचे २००७ ते २००९ चे आकडे पाहा : सरासरी ०.३३२, मग ०.२६४, मग ०.२३८. हा उतार तर पुजोल्सच्या उतारापेक्षाही तीव्र आहे, तरीही तो फिरला आणि पुजोल्सचा फिरला नाही. नुसत्या रेषेवरून हे दोघे ओळखता आले नसते. फरक दिसतो तो दुखापतींच्या नोंदींत. ऑर्टिझच्या डाव्या मनगटातील स्नायुबंधाच्या आवरणाला २००८ मध्ये इजा झाली होती आणि असे मनगट विश्रांतीने व व्यायामाने सुधारू शकते. पुजोल्सचा त्रास पायांत होता, आणि फलंदाजाची ताकद जमिनीतून पायांद्वारे कमरेत व तिथून बॅटमध्ये येत असल्याने पाय गेले की फटक्यातील जोर हळूहळू जातो. शिवाय ऑर्टिझ जवळजवळ नेहमी डेसिग्नेटेड हिटर म्हणून खेळला, म्हणजे त्याला क्षेत्ररक्षण करावेच लागत नव्हते. म्हणून उतार दिसला की पहिला प्रश्न "कुठे दुखते आहे आणि ते दुखणे बरे होण्यासारखे आहे का" हा असावा, असे माझे ठाम मत आहे.

डेट्रॉइटचा फलंदाज मिगेल काब्रेरा याच्या बाबतीत २०१६ मध्ये ०.३१६ सरासरी व ३८ होम रन, आणि २०१७ मध्ये ०.२४९ व १६ अशी एकदम पडझड झाली. पाठीच्या चकत्यांचे दुखणे त्याला कारणीभूत होते आणि तो पूर्वीच्या पातळीवर पुन्हा आला नाही. उलट पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) जस्टिन व्हर्लँडरची २०१४ मधील ४.५४ ही रन देण्याची सरासरी (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन, जितके कमी तितके चांगले) पाहून अनेकांनी त्याला मोडीत काढले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याच्या पोटाच्या खालच्या स्नायूंवर शस्त्रक्रिया झाली होती, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडली. त्यानंतर २०१९ मध्ये आणि मग कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतून २०२२ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी १.७५ च्या सरासरीने, त्याने सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार जिंकला. पिचर आणि फलंदाज यांचे वय एकाच मापाने मोजू नये, हेही यातून दिसते. पिचरचे कोपर शस्त्रक्रियेने दुरुस्त होते, फलंदाजाच्या मंदावलेल्या नजरेवर आणि पायांवर तसा इलाज नाही.

गैरहजेरीला घसरण म्हणणे

एंजल्सचा फलंदाज माइक ट्राउट २०२१ मध्ये ३६ सामने खेळला, २०२३ मध्ये ८२ आणि २०२४ मध्ये केवळ २९. पण मधल्या २०२२ मध्ये त्याने ११९ सामन्यांत ४० होम रन मारले होते. जो मैदानात नाही त्याचा संघाला उपयोग नाही हे मान्यच, तरीही "तो खेळत नाही" आणि "त्याला आता खेळता येत नाही" ही दोन वेगळी विधाने आहेत. एकूण होम रन मोजणारा चाहता या दोहोंत फरक करू शकत नाही, म्हणून अशा खेळाडूसाठी दर पाळीमागचे प्रमाण पाहावे.

जुन्या काळचे आकडे आजच्या काळाला लावणे

१९९९ मध्ये संपूर्ण लीगची सरासरी ०.२७१ होती आणि २०२२ मध्ये ती ०.२४३ वर आली होती. त्यामुळे ०.२६० ही सरासरी पहिल्या काळात सामान्याहून कमी आणि दुसऱ्या काळात चांगली ठरते. पिचरांच्या फास्टबॉलचा वेग गेल्या दीड दशकात सातत्याने वाढत गेला आहे, म्हणजे आजचा अडतीस वर्षांचा फलंदाज त्याच्या तरुणपणापेक्षा वेगवान चेंडूंना तोंड देत असतो. ओपीएस प्लससारखे (बेसवर पोहोचण्याचे प्रमाण आणि फटक्यांची ताकद एकत्र धरणारे) मोजमाप त्या वर्षीची लीग आणि मैदान हिशेबात घेऊन सरासरी फलंदाजाला १०० धरते, म्हणून दोन काळांची तुलना करायची तर तेच वापरावे. बॅरी बाँड्सने २००१ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी केलेले ७३ होम रन हा आजच्या वयस्क खेळाडूंसाठी मापदंड धरू नये. उत्तेजकांच्या चाचण्यांना शिक्षेची जोड २००४ पासून मिळाली आणि त्याआधीच्या वयवाढीचे आलेख त्या काळापुरतेच समजावेत.

न्यू जर्सी किंवा बोस्टनच्या परिसरात स्थायिक झालेल्या आणि क्रिकेटकडून बेसबॉलकडे आलेल्या मराठी चाहत्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. क्रिकेटमधील सरासरी म्हणजे दर बाद होण्यामागच्या धावा. बेसबॉलमधील सरासरी म्हणजे वॉक (पिचरचे चार वाईट चेंडू सोडल्यावर मिळणारा पहिला बेस) वगैरे वगळून उरलेल्या दर पाळीमागच्या हिट्स. वॉक त्या आकड्यात धरलेच जात नसल्याने वयस्क फलंदाजाची सर्वात टिकाऊ कला, म्हणजे वाईट चेंडू सोडून देण्याची, त्यात दिसत नाही. विली मेजने १९७१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ०.२७१ अशी मध्यम वाटणारी सरासरी राखली होती, पण त्याच हंगामात ११२ वॉक मिळवून बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणात, ०.४२५ ने, तो नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात) पहिला होता.

अपवादावर नियम उभारणे

पिचर नोलन रायनने १९९१ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी सातवा नो-हिटर (एकही हिट न देता संपवलेला सामना) टाकला, म्हणून आपला आवडता खेळाडूही टिकेल, असे सांगितले जाते. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते, की फलंदाजांचा बहर सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास असतो. पुढच्या अभ्यासांत हे वय थोडे मागेपुढे झाले, पण तिशीनंतर चढ फारसा उरत नाही हे कायम राहिले. "अडतीस वर्षांचे खेळाडू तर ठीकच खेळतात" हे निरीक्षणही फसवे आहे, कारण ज्यांचा खेळ त्या वयाच्या आधी गेला ते मोजायला उरलेलेच नसतात.

पगार आणि खेळ एकाच दमात बोलणे

फिलाडेल्फियाने फलंदाज रायन हॉवर्डशी पाच वर्षांचा १२ कोटी ५० लाख डॉलरचा करार एप्रिल २०१० मध्ये केला, पण तो लागू होणार होता २०१२ पासून. मधल्या काळात, २०११ च्या प्लेऑफमधील (हंगामानंतरच्या बाद फेरीतील) शेवटच्या पाळीत, हॉवर्डच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. २०१२ मध्ये त्याची सरासरी ०.२१९ राहिली आणि प्रेक्षकांचा सारा रोष त्याच्यावर निघाला. दोन वर्षे आधी सही करण्याचा निर्णय मात्र क्लबचा होता. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा होईपर्यंत खेळाडूला खुल्या बाजारात जाता येत नाही, त्यामुळे ऐन बहरात त्याला कमी पैसे मिळतात आणि उतारात जास्त. २००१ मध्ये ३७ होम रन मारून सर्वोत्तम नवोदित ठरलेल्या पुजोल्सचा पगार दोन लाख डॉलर होता. त्याच्या नंतरच्या कोट्यवधींवर बोट ठेवताना हा आकडाही शेजारी ठेवावा. आणि दिलेला पगार परत येत नसल्याने उद्याच्या सामन्यात कोणाला खेळवावे हे ठरवताना तो मुळीच विचारात घेऊ नये. क्लबसुद्धा ही चूक वर्षानुवर्षे करतात.

भूमिका बदलता येते हे विसरणे

२०२२ मध्ये नॅशनल लीगनेही डेसिग्नेटेड हिटरचा नियम स्वीकारला आणि पुजोल्सला एका वर्षासाठी सेंट लुईसला परतता आले. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता, धावण्याच्या वेगात लीगच्या तळाशी होता, आणि जुलैच्या मध्यापर्यंत त्याचे अवघे सहा होम रन झाले होते. त्याला मुख्यतः डावखुऱ्या पिचरांविरुद्ध उतरवले गेले, आणि उरलेल्या हंगामात त्याने १८ होम रन मारले. २३ सप्टेंबरला डॉजर स्टेडियमवर त्याचा सातशेवा होम रन झाला. इथे वय मागे गेले नव्हते, पण उरलेल्या ताकदीला योग्य काम मिळाले होते. फलंदाज जोई व्होटोने २०२० मध्ये संघाबाहेर बसल्यानंतर उभे राहण्याची ढब बदलली आणि २०२१ मध्ये ३६ होम रन मारले, हीही त्याच जातीची गोष्ट आहे.

वाद अडला तर काय पाहावे

२०१५ पासून सर्व तीस मैदानांवर चेंडूचा व खेळाडूंचा वेग मोजणारी स्टॅटकास्टची यंत्रणा आहे आणि तिचे आकडे कोणालाही मोफत पाहता येतात. माझा क्रम असा असतो : आधी फटक्यानंतर चेंडूचा कमाल वेग, कारण ताकद गेली की तो खाली येतो आणि नशिबाने वर जात नाही. मग ताशी ९५ मैलांहून वेगवान फास्टबॉलवर बॅट किती वेळा चुकते. मग धावण्याचा वेग, ज्याची लीगमधील सरासरी सेकंदाला २७ फूट आहे. सरासरी कमी पण हे तिन्ही आकडे पूर्वीसारखे असतील तर वाट पाहावी. सरासरी ठीक पण तिन्ही आकडे घसरलेले असतील तर ती सरासरी टिकणार नाही, हे आधीच मान्य करावे. चाहत्यांना हा दुसरा प्रकार पटवून देणे फार अवघड जाते, पण तोच जास्त महत्त्वाचा आहे.

शेवटच्या चित्रावरून सारी कारकीर्द मोजणे

बेचाळीस वर्षांचा विली मेज १९७३ च्या अंतिम मालिकेत ओकलंडच्या उन्हात चेंडूमागे धावताना पडला, हे चित्र अर्धशतकानंतरही "वेळेवर थांबावे" याचा पुरावा म्हणून दिले जाते. त्याच सामन्याच्या बाराव्या इनिंगमध्ये, दोन खेळाडू बाद असताना, त्याने ओकलंडचा पिचर रॉली फिंगर्सचा चेंडू मधून परतवून न्यू यॉर्क मेट्सला आघाडी मिळवून दिली आणि मेट्सने तो सामना १०-७ ने जिंकला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. हॉल ऑफ फेमच्या (सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानमंडळाच्या) मतदानात हीच चूक मोठ्या प्रमाणावर होण्याचा धोका असतो. २०११ अखेर पुजोल्सची कारकिर्दीची सरासरी ०.३२८ होती, निवृत्तीच्या वेळी ती ०.२९६ झाली. होम रनमध्ये पहिल्या अकरा वर्षांत ४४५ आणि नंतरच्या अकरा वर्षांत २५८ अशी विभागणी आहे. त्याच्या निवडीची पहिली संधी २०२८ ची आहे, आणि तेव्हा हे दोन भाग एकत्र करून एकच मधला आकडा काढण्याऐवजी ते शेजारीशेजारी वेगळे मांडावेत.