पावसाने उतरवलेली साथ

संख्याशास्त्रात एमएस्सी करून मी पुण्यातल्या सांडपाण्याच्या प्रकल्पात लागले. लक्षणं नसलेल्या माणसाच्या शौचातूनही विषाणू बाहेर पडू शकतो. त्यामुळे मैलापाणी नियमित तपासलं तर दवाखान्यांत गर्दी व्हायच्या आधी साथीची चाहूल लागू शकते. माझ्याकडे आकडे येणार, मी मॉडेल बसवणार, एवढंच माझ्या डोक्यात.

दुसऱ्याच महिन्यात विषाणूच्या प्रमाणाचा आलेख धाडकन खाली आला. "साथ ओसरतेय," असं मीटिंगमध्ये सांगून मी मोकळी झाले. मागे नमुने आणणारे काका बसले होते. "मॅडम, त्या पहाटे धो धो पाऊस होता. नाल्यात निम्मं पावसाचंच पाणी."

यावरचा उपाय प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे होता. ढोबळी आणि साध्या मिरचीच्या रोपांवर पडणारा एक विषाणू आपल्या जेवणातून पोटात जातो आणि शौचातून बाहेर येतो. तो त्याच नमुन्यात मोजला की पाणी किती पातळ झालंय याचा अंदाज येतो. ठेच्याच्या मुलखात त्याला काय तोटा! सीटी म्हणजे पीसीआर चाचणीत विषाणू दिसेपर्यंत किती फेऱ्या लागल्या तो आकडा; तो जितका जास्त तितका विषाणू कमी, हेही तिनेच पढवलं. नुसता आकडा बघून मला उलटंच वाटलं असतं. आणि 'सापडला नाही' म्हणजे शून्य नव्हे. चाचणीला पकडता येईल त्याहून तो कमी असेल.

इतिहासवाल्या ताईने मात्र खरी अडचण केली. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडती घ्यायचे, रुग्णाला उचलून न्यायचे. लोक माणसं लपवू लागले. त्याच साथीत मार्चमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या, जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. ताई म्हणाली, "लपवलेली माणसं तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात येतात?" मला उत्तर देता आलं नाही.

नव्याने येत असाल तर आर, पायथन या संगणकभाषा जरूर शिका; त्या कुठेही शिकता येतात. पण पहिला आठवडा बर्फाची पेटी घेऊन नाल्यावर जा. नाकाला विक्स लावा. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत "तुमचा विषय नक्की कोणता?" हा प्रश्न येणारच, मला तर तीनदा आला.

आता तक्त्यात पावसाचा रकाना आहे आणि शेवटी 'शेरा' असा एक मोकळा. तो काकाच भरतात. परवाचा शेरा: "शेजारच्या कार्यालयात लग्न. बाहेरगावची मंडळी पुष्कळ."