चक्कर येते म्हणजे नेमके काय होते? डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पाहून ठेवायच्या गोष्टी

‘चक्कर येते’ एवढेच सांगितले तर डॉक्टरांना फारसा बोध होत नाही, कारण या एका शब्दात आपण तीन वेगळ्या तक्रारी कोंबतो. भोवतालची खोली फिरताना दिसत असेल तर ‘गरगरते’ म्हणावे. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध हरपेल असे वाटत असेल तर ती भोवळ. डोके स्वच्छ असूनही चालताना झोकांड्या जात असतील तर तो तोल जाणे. गरगरण्याचे मूळ बहुधा आंतरकर्णात, भोवळीचे रक्तदाबात किंवा हृदयात आणि झोकांड्यांचे पायांच्या नसांत किंवा मेंदूत असते. आपल्याकडे मात्र तिन्हींवर ‘पित्त झाले असेल’ म्हणून लिंबूसरबत दिले जाते.

शब्दापेक्षाही घड्याळ अधिक सांगते. पहाटे कुशीवर वळताच बंद असलेला पंखा फिरू लागतो, माणूस पलंगाची कड घट्ट धरतो आणि मिनिटाच्या आत सारे स्थिर होते. पुढे माळ्यावरचा डबा काढण्यासाठी मान वर केली की पुन्हा तेच. हे चित्र बीपीपीव्हीचे, म्हणजे आंतरकर्णातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्याचे आहे. तपासणीच्या खाटेवर डॉक्टर रुग्णाचे डोके एका बाजूला वळवून त्याला झटकन आडवे करतात आणि डोळ्यांची थरथर पाहतात. ती ठरावीक प्रकारची दिसली की निदान होते. मग डोके क्रमाने वळवून ते कण मूळ जागी परत नेले जातात. ‘एप्ली’ नावाच्या या कृतीला काही मिनिटेच लागतात आणि अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. कोणत्या कानात दोष आहे हे कळल्याशिवाय व्हिडिओ पाहून ती घरी करू नये. गरगरणे वीस मिनिटांपासून काही तास टिकत असेल, सोबत कान दडपणे, कानात आवाज येणे आणि ऐकू कमी येणे असेल, तर मेनियरचा विकार असू शकतो. सलग दिवस-दोन दिवस गरगरत राहिले तर कानाच्या नसेचा दाह असतो किंवा मेंदूचा झटका, आणि हा फरक घरी करता येत नाही.

भोवळ येत असल्यास पाच मिनिटे आडवे राहून आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते टिपून ठेवावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनीही असे होते. मधुमेह्यांनी त्याच वेळी साखरही पाहावी. बेसिनपाशी साबण लावून डोळे मिटताच तोल जातो, ही तक्रार क्षुल्लक वाटली तरी जरूर सांगावी, कारण नसांच्या विकारात आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत ती आढळते.

चक्करेसोबत बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे, एकाची दोन दिसणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, आधाराशिवाय उभे राहता न येणे, अचानक तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे, यांतले एकही असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. मेंदूच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. रुग्णाला पाणी किंवा सरबत पाजू नये, गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जाते. डोक्याच्या मागच्या भागात असलेल्या, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतला झटका सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये निसटू शकतो, त्यामुळे स्कॅन चांगला आला तरी रुग्णाला चालता येत नाही, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यासही त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा.

एरवी प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्याव्यात आणि चक्कर आली असताना घरच्यांनी मोबाइलवर डोळ्यांचे चित्रण केले असेल तर तेही दाखवावे. चक्करेच्या गोळ्या महिनोन् महिने स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्यांतल्या काही मेंदूची तोल सावरण्याची शक्ती मंदावतात आणि वयस्करांत हातांना कंप आणतात. निदान होईपर्यंत दुचाकी आणि शिडी या दोन्हींपासून दूर राहावे.